रकाना सात

चाळकेवाडीच्या सड्यावर जानेवारीत
काही नसतं. तेवढंच मला लिहून आणायचं होतं.
चार पानांचा छापील फॉर्म, रबरानं बांधलेला,
त्यात रकाना सात : जागेवर आढळलेल्या वनस्पती.
इनामके साहेब गाडीतूनच म्हणाले,
मॅडम, काट मारा आणि चला,
चहा सज्जनगडाच्या पायथ्याला घेऊ.

मी तासिका तत्त्वावर शिकवते.
सुट्टीत पगार नसतो, म्हणून ही असली कामं.

जांभा काळा पडलेला, तव्याच्या बुडासारखा.
वर दहिवर.
वारा असा की कागद धरावा तर पेन सुटतं,
पेन धरावं तर ओढणी तोंडात.
वर पवनचक्क्यांची पाती घुंऽऽ फप्, घुंऽऽ फप्,
जात्याशी कुणी बसलेलं दिसत नाही
आणि दळण चालूच.

वाकून बघितलं, शास्त्र म्हणून.
कुसळं. शेण, वाळून ढलपी झालेलं.
बाटलीचं एक पत्र्याचं झाकण.

तेवढ्यात सगुणा झोरे आली,
दोन म्हशी पुढं घालून,
डोक्याला मफलर, पायात नवऱ्याचे बूट.
काय सांडलंय का?
नाही, म्हटलं, झाडं मोजतेय.
ती हसली नाही. याचंच मला बरं वाटलं.
म्हणाली, मग चुकीच्या म्हैन्यात आलीस की गं.
आत्ता समदी निजल्यात.

आणि कातळाला जिथं बशीएवढा खळगा होता
तिथं टाचेनं थोडं, मग खिळ्याच्या टोकानं थोडं,
बोटाच्या एका पेराइतकं उकरून
तिनं तळव्यावर ठेवलं :
लसणाच्या पाकळीएवढं, काळपट, केसाळ,
वाळक्या सुपारीचं खांड म्हणून
कुणीही झटकून टाकावं असं.

वायतुरा.

हे नाव मी पाच वर्षं फळ्यावर लिहितेय, लॅटिनसकट.
त्याच्या शेपटाला सातारा जोडलेला आहे म्हटलं की
मागच्या बाकावरचीही माना वर करतात.
श्रावणात पाहिलाय मी तो, घोटाभर पाण्यात,
जांभळट गुलाबी, दोन शिंगं फुटलेला,
वाऱ्याला ढुशी देत उभा.
निजलेला कधी हातात घेतला नव्हता.
थंडगार होता. वजन असं काही नाही,
तरी मी दोन्ही हात पुढं केले.

मेला नाही कसा?
न्हाई मरत. मेल्यावानी ऱ्हातो.
चैतात हितं पाय ठेववत न्हाई, तवाबी असाच.
आणि वायतुरा का म्हणतात?
वाऱ्याचा तुरा असंल. न्हायतर वाया गेलेला.
सासू मलाबी असंच कायतरी म्हनायची.

मग तिनं तो होता तसाच, डोळा वर करून,
परत खळग्यात ठेवला. अंगठ्यानं माती दाबली.
वर शेणाची ढलपी सरकवली, पाखरांनी उकरू नये म्हणून.
मी ते झाकण शेजारी रोवलं.
पुढच्या वेळी सापडावं, एवढ्यासाठी.
तिनं उचललं आणि बंडीच्या खिशात टाकलं.
खून नगं. खून दिसली की मानूस उकरतं.

हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजला.
सगुणा म्हशींमागं निघूनही गेली होती,
चक्कीच्या सावलीचं पातं तिच्या पाठीवरून जात होतं,
परत येत होतं, जात होतं.
रकाना सात कोराच होता.
लिहावं तर ही खूणच झाली.
न लिहावं तर इथं खड्डा, तीन मीटर खोल,
त्यात लोखंड, त्यात काँक्रीट.

लिहिलं. अक्षर वाऱ्यानं तिरकं झालं :
आहे. भाद्रपदापर्यंत थांबावे.

इनामके साहेबांनी वाचलं. आधी पंचांग काढलं माझं,
मग म्हणाले, मॅडम, इथं हो किंवा नाही एवढंच चालतं.
म्हटलं, मग हो.
ते काही बोलले नाहीत. गाडीचा हीटर वाढवला.

पायथ्याला चहा आला.
नखांत माती होती. जांभा वरून काळा दिसतो,
आत लाल असतो.
धुवायला पाणी होतं तिथं, मी उठले नाही.
कप डाव्या हातानं धरला.